अपलोड झालं, शिकवणं राहिलं

ऑनलाइन अभ्यासक्रमाचा विषय निघाला की आमच्या स्टाफरूममध्ये दोन तट पडतात. एका बाजूचं म्हणणं ठरलेलं: विद्या समोर बसूनच येते, बाकी सगळा देखावा, कोविडमध्ये करून पाहिलं, मुलं कॅमेरा बंद करून झोपली. दुसऱ्या बाजूचं म्हणणंही तितकंच ठरलेलं: लेक्चर रेकॉर्ड केलं, पीडीएफ चढवली, लिंक ग्रुपवर टाकली, आता ज्याला शिकायचं तो शिकेल. मी पनवेलमध्ये वाणिज्य शाखेला शिकवतो आणि रविवारी दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्यांची संपर्कसत्रं घेतो. माझं भांडण दोघांशीही आहे. वरवर ते एकमेकांविरुद्ध उभे दिसतात, पण दोघांनी एकच गोष्ट गृहीत धरली आहे, की अभ्यासक्रम म्हणजे प्राध्यापकाचं बोलणं. ते बोलणं पडद्यावर पातळ होतं अशी एकाची तक्रार, ते पडद्यावर साठवता येतं याचं दुसऱ्याला समाधान. विद्यार्थ्यानं काय केलं, कुठे चुकला आणि ती चूक आपल्यापर्यंत परत आली का, हे दोघांच्याही बोलण्यात येत नाही. माझ्या मते ऑनलाइन अभ्यासक्रमाची सगळी भिस्त तिथेच आहे.

पहिल्या बाजूचा पूर्वपक्ष आधी नीट मांडायला हवा, कारण तो पोकळ नाही. हार्वर्ड आणि एमआयटीच्या एडएक्सवरच्या खुल्या अभ्यासक्रमांची आकडेवारी 2019 मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आली. 2017-18 मध्ये नाव नोंदवणाऱ्यांपैकी फक्त 3.13 टक्के लोकांनी अभ्यासक्रम पूर्ण केला होता. जगातली दोन नामवंत विद्यापीठं, हाताशी भरपूर पैसा, आणि शेवटपर्यंत पोचले ते शंभरात तीन. आपल्या घरचं उदाहरण तर अजून बोचतं. 2017 च्या उन्हाळी परीक्षांच्या उत्तरपत्रिका पडद्यावर तपासायचं मुंबई विद्यापीठानं ठरवलं, निकाल महिनोन्महिने रखडले, पुढचे प्रवेश अडकले आणि त्या ऑक्टोबरात कुलगुरूंना पदावरून दूर करण्यात आलं. त्या पावसाळ्यात रोज सकाळी निकालाची चौकशी करायला येणारी मुलं मला आठवतात. त्यामुळे ‘संगणक आला की घोळ आला’ असं म्हणणाऱ्या ज्येष्ठ सहकाऱ्याचं बोलणं मी हसण्यावारी नेत नाही.

पण घोळाचं कारण शोधावं लागतं. उत्तरपत्रिका कागदाऐवजी पडद्यावर दिसल्या म्हणून निकाल अडले नाहीत. परीक्षा ऐन तोंडावर असताना नवी पद्धत सगळ्या शाखांना एकदम लावली आणि ज्यांनी तपासायचं त्यांचा हात बसायला वेळच दिला नाही, म्हणून अडले. 3.13 टक्क्यांचंही तसंच. फी भरून, ओळख पटवून बसलेल्यांचा आकडा त्याच अभ्यासात वेगळा दिला आहे आणि तो 46 टक्के आहे. कुतूहलानं दारातून डोकावणाऱ्याला विद्यार्थी म्हणून मोजलं की आकडा असा कोसळतो. अर्थात 46 म्हणजेही निम्म्याहून कमी, आणि ही गळती का होते त्याकडे मी पुढे येणारच आहे. राहता राहिला कोविड. टाळेबंदी जाहीर झाली त्या 24 मार्च 2020 च्या रात्रीनंतर आपण जे केलं, ते वर्गाचं वेळापत्रक उचलून जसंच्या तसं झूमवर ठेवणं होतं. पुरातून लोकांना होड्यांनी बाहेर काढलं, यावरून होडीच्या प्रवासाची परीक्षा करायची नसते.

दूर राहून शिकणं आपल्याला नवंही नाही. दिल्ली विद्यापीठानं पत्राद्वारे शिक्षण 1962 मध्ये सुरू केलं, मुंबई विद्यापीठानं 1971 मध्ये. 1989 मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ उभं राहिलं, राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू झाले आणि ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे ब्रीद घेऊन पुस्तकांची पार्सलं गावोगावी जाऊ लागली. त्या पुस्तकांची मांडणी कधी बारकाईनं पाहा. सुरुवातीला उद्दिष्टं, मग थोडा मजकूर, मग ‘स्वयंअध्ययनासाठी प्रश्न’, त्यांची उत्तरं घटकाच्या शेवटी. लिहिणाऱ्याला माहीत होतं की वाचणारा एकटा आहे, म्हणून त्यानं दर चार पानांनी थांबून विचारायची सोय केली. इंटरनेट नसताना जी समज होती, ती आपण फायबरच्या जोडणीबरोबर हरवून बसलो आहोत.

समोरासमोरचा वर्ग श्रेष्ठ, हे मला मान्य आहे. पण कोणासाठी? माझ्या रविवारच्या सत्राला तळोज्याच्या कारखान्यात पाळीत काम करणारी मुलं येतात. कळंबोलीच्या लोखंड बाजारात काटा सांभाळणारा एक जण येतो. लग्नानंतर शिक्षण सुटलेल्या बायका येतात, त्यांतली एक लेकराला घेऊन मागच्या बाकावर बसते. प्रबळगडाच्या पोटातल्या वाड्यांमधून खाली उतरून येणाऱ्या मुलीला आधी पायवाट, मग रिक्षा, मग एसटी. यांच्यापुढे वर्ग की पडदा असा पर्यायच नाही. असलाच तर पडदा की काहीच नाही असा आहे. सकाळी साडेसातच्या लेक्चरला येऊ शकणाऱ्यांनी यांच्या वतीनं पडदा नाकारू नये.

आता दुसरी बाजू. ही मला जास्त धोक्याची वाटते, कारण ती आधुनिक दिसते आणि सत्ताही तिच्याच हातात आहे. एक तासाचं लेक्चर मागच्या बाकावरून मोबाइलवर टिपायचं आणि त्याला ई-साहित्य म्हणायचं, ही पद्धत आता सर्रास झाली आहे. एडएक्सवरच्या लाखो वेळच्या पाहण्याचा हिशेब 2014 मध्ये तीन संशोधकांनी मांडला, तेव्हा व्हिडिओ कितीही लांब असो, बघणाऱ्यांचं लक्ष साधारण सहा मिनिटांपलीकडे टिकत नाही असं दिसलं. त्याहून महत्त्वाचा प्रयोग 2006 चा, रोडिगर आणि कार्पिके या मानसशास्त्रज्ञांचा. विद्यार्थ्यांच्या एका गटानं उतारा पुन्हा वाचला, दुसऱ्यानं न बघता आठवून लिहिला. पाच मिनिटांनी विचारलं तर पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानं विचारलं तर आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात 56 टक्के मजकूर राहिला होता, पुन्हा वाचणाऱ्यांच्या 42. व्हिडिओ पुन्हा पुन्हा पाहणारा विद्यार्थी असाच फसतो. सगळं ओळखीचं वाटतं, हातून मात्र काही होत नाही, आणि हे त्याला परीक्षेच्या हॉलमध्ये कळतं.

मग चढवलेल्या पीडीएफ. आमच्याकडच्या कित्येक मराठी नोट्स अजून श्रीलिपी किंवा कृतिदेव अशा जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या आहेत. छापल्या की त्या सुरेख दिसतात. पण त्यात एखादा शब्द शोधायचा म्हटलं तर सापडत नाही, आणि अंध विद्यार्थी एनव्हीडीए हा मजकूर वाचून दाखवणारा प्रोग्राम लावून ऐकायला बसला तर त्याच्या कानावर रोमन अक्षरांची खिचडी पडते. देवनागरी युनिकोडमध्ये 1991 पासून आहे. एनव्हीडीए फुकट आहे आणि युनिकोडमधली मराठी वाचतो. उणीव आहे ती एका कारकुनाच्या पंधरा दिवसांच्या कामाची. माझ्याच नोट्स एका दृष्टिहीन विद्यार्थिनीनं ‘सर, हे मला वाचता येत नाही’ म्हणून परत केल्या, तोवर हे माझ्याही डोक्यात आलं नव्हतं. त्याची खंत मला आजही आहे.

या सगळ्याच्या मुळाशी आपण कशाला किंमत देतो हे आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2018 च्या नियमांत प्राध्यापकाच्या गुणांचा तक्ता आहे. चार क्रेडिटचा संपूर्ण ऑनलाइन अभ्यासक्रम चारही अंगांनी तयार केला तर 20 गुण, तो चालवणाऱ्या समन्वयकाला 8. ही चार अंगं म्हणजे व्हिडिओ, वाचनसाहित्य, चर्चा आणि मूल्यमापन. पहिली दोन एकदा बनवून ठेवता येतात. उरलेली दोन रोज जगवावी लागतात, प्रश्न वाचावे लागतात, उत्तरं लिहावी लागतात. बनवण्याला वीस आणि जगवण्याला आठ असा भाव असेल, तर गोदामं भरतील आणि दुकानावर माणूस नसेल. निम्म्याहून जास्त लोक अर्ध्यावर का सोडतात, याचं मला सापडलेलं उत्तर हेच आहे: त्यांनी विचारलं तेव्हा पलीकडे कोणी नव्हतं. दुसरीकडे केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ या ऑनलाइन मंचावरून घेता येणाऱ्या अभ्यासक्रमांची मर्यादा 2016 च्या नियमांत 20 टक्के होती, ती 2021 मध्ये 40 टक्क्यांपर्यंत नेली गेली. पदवीचा एवढा मोठा हिस्सा ऑनलाइन जाऊ शकत असेल, तर पलीकडे माणूस बसवण्याचा खर्च विद्यापीठांनी धरलाच पाहिजे.

मग साधनं कशी वापरावीत? उत्तम नमुना खाडीपलीकडे पवईतच आहे. आयआयटी मुंबईत प्रा. कण्णन मौद्गल्य यांनी उभा केलेला ‘स्पोकन ट्यूटोरियल’ प्रकल्प संगणकाची कौशल्यं दहा मिनिटांच्या छोट्या चित्रफितींतून शिकवतो, मराठीतूनही. त्यांची एक रीत मला फार मोलाची वाटते. संहिता लिहून झाली की आवाज भरण्याआधी ती त्या विषयातल्या नवख्याला देतात. त्यानं संहितेवरून एकेक पायरी करून पाहायची, आणि जिथे तो अडेल तिथे संहिता बदलायची. शिकणाऱ्यानंही नुसतं बघायचं नसतं. थांबवायचं, स्वतः करायचं, मग पुढे जायचं. म्हणजे चूक चित्रीकरणाच्या आधीच परत येते.

दुसरं साधन मूडल, ऑनलाइन अभ्यासक्रम चालवायची प्रणाली. तिचा निर्माता मार्टिन डुजियामास पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या वाळवंटातल्या दूरच्या वस्तीत वाढला. त्याची शाळा रेडिओवर भरायची आणि अभ्यासाचे कागद विमानानं यायचे. पुढे विद्यापीठात काम करताना तिथल्या विकतच्या प्रणालीला कंटाळून त्यानं स्वतः एक लिहिली आणि 2002 मध्ये ती जगाला मोफत, मुक्त परवान्यानं दिली. एकट्यानं शिकणं काय असतं हे ज्यानं भोगलं, त्याच्या हातून ती आली आहे, आणि ते तिच्यात दिसतं. फोनवरच्या ॲपमध्ये घटक उतरवून ठेवता येतो, शिक्षकानं परवानगी दिली तर चाचणीही नेटवर्कशिवाय सोडवता येते, रेंज मिळाली की उत्तरं आपोआप पोचतात. हार्बर लोकलच्या गर्दीत उभ्यानं शिकणाऱ्याला आणि डोंगराआड राहणाऱ्या मुलीला याचा अर्थ सांगावा लागत नाही. महागडी प्रणाली विकत घेणाऱ्या संस्थांना मी एवढंच विचारतो: त्या पैशात प्रश्नांना उत्तरं देणारे किती साहाय्यक नेमता आले असते?

माझा स्वतःचा धडा खर्चलेखाशास्त्राचा. ‘स्थिर खर्च’ मी वर्षानुवर्षं शिकवत आलो. वर्गात माना डोलायच्या. मूडलवर त्याच घटकाची छोटी चाचणी लावली: वडापावच्या गाडीचं भाडं महिन्याला 6000 रुपये, वडापाव 3000 विकले तर एका वडापावमागे भाडं किती, 6000 विकले तर किती? बहुतेकांनी दोन्हीकडे 2 रुपये लिहिलं. मूडल प्रत्येक प्रश्नाखाली किती जणांना तो जमला ते दाखवतं, आणि कोणतं चुकीचं उत्तर किती जणांनी निवडलं तेही. ते बघून मी हादरलो. चूक गणिताची नव्हती, शब्दाची होती. ‘स्थिर’ म्हटल्यावर मुलांच्या मनात सगळंच स्थिर झालं, नगामागचा खर्चसुद्धा. एकूण भाडं जागेवर राहतं आणि विक्री वाढली की वडापावमागचा वाटा 2 वरून 1 रुपयावर येतो, हे मी फळ्यावर शंभरदा लिहिलं असेल, पण ते ऐकू कुठे आलं नाही हे वीस वर्षांत मला कोणी सांगितलं नव्हतं. मी फक्त तेवढ्यासाठी चार मिनिटांचा नवा तुकडा केला, मराठीत, मध्येच थांबून आकडा विचारणारा. तो फळ्यावरच्या वर्गालाही उपयोगी पडला. वर्गाचे कैवारी आणि अपलोडवाले या दोघांनाही मी हीच गोष्ट सांगतो.

चॅटजीपीटी आल्यापासून गृहपाठ संपला, असंही आता ऐकू येतं. ‘स्थिर खर्च म्हणजे काय ते स्पष्ट करा’ असा गृहपाठ संपला, हे खरं, आणि तो संपायलाच हवा होता. मी आता घराजवळच्या कोणत्याही टपरीचा महिन्याचा हिशेब विचारून आणायला सांगतो आणि तो दोन मिनिटांत स्वतःच्या आवाजात बोलून पाठवायला लावतो. आवाजाच्या फायलीला डेटा फार लागत नाही, आणि मराठी टाइप करताना अडखळणारी मुलंही मोकळेपणानं बोलतात. भाषा कच्ची असते, हिशेब त्यांचा असतो.

याला वेळ लागतो. साठ मुलांचे दोन-दोन मिनिटांचे आवाज म्हणजे दोन तास ऐकणं, मग उत्तरं. माझ्या वेळापत्रकात या दोन तासांना रकाना नाही. लेक्चरला आहे, परीक्षेच्या देखरेखीला आहे. विद्यापीठाकडे माझी मागणी या रकान्याचीच आहे. चर्चेला आणि चुका दुरुस्त करण्याला दिलेला तास हा शिकवण्याचा तास म्हणून मोजावा, आणि अभ्यासक्रमाच्या मंजुरीच्या वेळी किती तास चित्रीकरण झालं याबरोबर विद्यार्थ्याच्या प्रश्नाला किती दिवसांत उत्तर जातं हेही विचारावं.

परवा पहाटे साडेपाचला तळोज्याहून रात्रपाळी संपवून निघालेल्या मुलाचा आवाज आला. मागे गाड्यांचे हॉर्न. तो विचारत होता, की कारखान्यात तिसरी पाळी सुरू केली तर सुपरवायझरचा पगार वाढतो, मग तो स्थिर खर्च कसा? प्रश्न बरोबर आहे; पुस्तकात त्याला एक वेगळं नाव आहे आणि माझ्या चार मिनिटांच्या तुकड्यात ते आलेलं नाही. पुढच्या घटकाचं चित्रीकरण या शनिवारी ठरलं होतं, ते मी पुढे ढकललं आहे.