राजाचा मुखवटा आणि आमची पुतळी

दिवाळी जवळ आली, की सराफ्यात जुने दागिने आटवून नवे घडवून घेणाऱ्यांची रीघ लागते. त्यांत एखादी पुतळ्यांची माळही असते. म्हणून यंदा या सदरात मी पुतळीची वकिली करणार आहे.

मराठीत पुतळी म्हणजे बाहुली. पण गळ्यातली पुतळी मुळात व्हेनिसचे नाणे. ते १२८४ साली प्रथम पाडले गेले. एका बाजूला संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला डोज, म्हणजे प्रजासत्ताकाचा प्रमुख. दुसऱ्या बाजूला ख्रिस्त. आमच्या आजीबाईंना ना संत ठाऊक, ना डोज. आकृती दिसली, नाव पडले पुतळी! वजन सुमारे साडेतीन ग्रॅम, सोने जवळजवळ शंभर नंबरी. १७९७ साली ते प्रजासत्ताक बुडेपर्यंत ना चित्र फारसे बदलले, ना कस.

आता फ्रान्सच्या राजाची तऱ्हा पाहा. कडा कातरलेल्या हलक्या नाण्यांचा सुळसुळाट झाला, तेव्हा तेराव्या लुईने १६४० साली यंत्रावर ठोकलेले, पावणेसात ग्रॅमचे, बावीस कॅरटचे ‘लुई दोर’ काढले. त्यावर स्वतःचा मुखवटा. नाणे मोठे देखणे. पण मुलगा, चौदावा लुई, लढायांच्या खर्चाने टेकीस आला. १६९० पासून त्याने वारंवार जुनी नाणी परत मागवली, त्यांवरच नवा छाप मारला आणि चढ्या भावाने लोकांच्या हाती दिली. सोने तेच, किंमत मात्र राजा म्हणेल ती! मौज अशी, की अशा कित्येक नाण्यांवर नव्या छापाखालून जुना अजून डोकावतो.

याच लुईला निळा हिरा विकणारा तावेर्निये सुरतेहून गोवळकोंड्याला जाताना आमच्या छत्रपती संभाजीनगरावरून, तेव्हाच्या औरंगाबादेवरून गेला. संगमरवराने लादलेल्या तीनशे गाड्या वाटेत पाहिल्याचे त्याने लिहिले आहे. परदेशी सोने मोगली मुलखात आले, की शुद्ध करून त्याचे इथले नाणे पाडतात, हेही तो सांगतो. मोहरा आमच्या शहराच्या टांकसाळीतही पडत. अशा मुशींतून ज्या पुतळ्या सुटल्या, त्यांना आमच्या बायकांच्या गळ्याने आसरा दिला.

तेव्हा वाचकहो, माळ सराफाकडे नेण्यापूर्वी भिंगाखाली धरा. अक्षरे स्वच्छ रोमन असतील, तर ती व्हेनिसची असू शकेल, जाणत्याला दाखवा. अक्षरे नुसतीच वेडीवाकडी असतील, तर बहुधा आमच्याच कुणा सोनाराने केलेली नक्कल. तीही साक्षच! मुशीतून सोने परत मिळते, छाप मिळत नाही.