केळीच्या खांबाचा हिशेब



रावेर, यावल, चोपडा पट्ट्यात केळीचा घड उतरला की खांबाला कोणी विचारत नाही. तो तोडून बांधावर फेकतात. याच खांबाच्या धाग्यापासून टोपल्या, पायपुसणी, पिशव्या होतात. त्यामुळे "कचऱ्यातून सोने" अशी भाषणे ऐकू येतात आणि बचत गटातल्या आपल्या भगिनी सर्वांत आधी यंत्राची चौकशी करतात. माझे म्हणणे असे की यंत्र नंतर, आधी वही आणा.

खांबात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असते. ढीगभर खांब वाहून आणावे तेव्हा थोडासा धागा हाती लागतो. खांब फुकट असला तरी गाडीभाडे फुकट नाही. तोडलेला खांब पडून राहिला तर सडतो, धागा ओलसर राहिला तर बुरशी धरतो. म्हणून बागेपासून लांब राहणाऱ्यांनी यंत्राच्या भानगडीत पडू नये. तयार धागा विकत घेऊन विणकाम करावे. धुळ्याच्या भगिनींना तर केळीमागे लागायचे कारणच नाही. शिंप्याकडचे कातरण आणि जुन्या साड्या यांतून गोधडी होते, पिशवी होते, भांडवलही थोडेच लागते.

आता भाव. उदाहरणापुरते आकडे घेऊ. एका टोपलीला ८० रुपयांचा माल लागतो आणि दिवसभरात दोन टोपल्या होतात. निंदणीची मजुरी ३०० रुपये धरली तर टोपलीमागे १५० रुपये मजुरी झाली. प्रवास आणि खराब गेलेला माल यांचे २० धरा. झाले २५०. पण बाजारात गिऱ्हाईक विचारते, "कितलाले शे वं?" आणि आपली भगिनी १२० सांगून मोकळी होते. ८० वर ४० सुटले, असे तिला वाटते. प्रत्यक्षात दोन टोपल्यांचा माल आणि खर्च वजा जाता दिवसाचे ४० रुपये उरतात. त्यापेक्षा निंदणी बरी!

मग २५० ला घेणार कोण? जळगावची एमआयडीसी प्लॅस्टिकच्या चटयांसाठी प्रसिद्ध आहे. त्या चटईशी भावात झुंजायला केळीच्या धाग्याची चटई विणू नये. राज्यात मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आली, १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकायच्या कित्येक प्लॅस्टिक वस्तूंवर देशभर बंदी आहे. त्या बाजूने वाट शोधावी. कापसाला भाव नसला की खान्देशच्या बाजारात पैसा फिरत नाही, तेव्हा माल करून घरात साठवू नका. लग्नाचा आहेर, शाळेचा कार्यक्रम, कार्यालयातला निरोप समारंभ, अशी ऑर्डर घ्यावी आणि निम्मे पैसे आगाऊ घ्यावेत. ओळखीच्या माणसाकडूनही घ्यावेत. ओळखीतच उधारी बुडते.

वस्तीतली वडीलधारी मंडळी म्हणतात, "बाबासाहेबांनी हे धंदे सोडायला सांगितले आणि तुम्ही पोरीबाळींना पुन्हा टोपल्या वळायला बसवता?" प्रश्न रास्त आहे, तो हसण्यावारी नेऊ नये. गावगाड्यात दोर, केरसुणी, टोपली करणाऱ्याला भाव सांगायचा हक्कच नव्हता. सुगीला पसाभर धान्य मिळेल ते घ्यायचे. म्हणूनच मी मजुरीच्या रकान्यावर अडून बसतो. तो रकाना कोरा ठेवून टोपली विकली तर ती मंडळी म्हणतात तेच खरे ठरेल. आणि मुलीची शाळा सुटत असेल तर ऑर्डर कितीही मोठी असो, परत करावी.

कर्जाचे थोडक्यात सांगतो. २०१५ पासूनच्या मुद्रा योजनेत 'शिशु' गटात ५०,००० रुपयांपर्यंत तारणाशिवाय कर्ज आहे. सप्टेंबर २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत टोपली, चटई, झाडू करणारे कारागीर येतात. पहिल्या टप्प्यात १ लाखापर्यंत, व्याज ५ टक्के, कुटुंबातल्या एकालाच. उद्यम नोंदणीला सरकारी फी नाही, कोणी मागितली तर देऊ नका. बौद्धांना केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती १९९० पासून लागू आहेत, पण केंद्राच्या नमुन्यातल्या दाखल्यावर मूळ जातीचा उल्लेख लागतो. घरातला दाखला आजच काढून पाहा. नुसते 'बौद्ध' लिहिलेले असेल तर आधी तहसील कचेरी, मग बँक.