दारणाकाठी एक सुरक्षित डोह हवा

उन्हाळ्याची सुट्टी लागली की देवळाली कॅम्प-भगूर परिसरातील मुलांची पावले दारणेकडे वळतात. मनाईने ती थांबत नाहीत. १९१६ साली पूर्ण झालेल्या दारणा धरणातून पाणी सोडले की येथे पावसाचा थेंब नसतानाही पात्र फुगते. वाळूउपशाचे खड्डे तर वरून दिसतही नाहीत. पूर्वी पाठीला भोपळा बांधून वडीलधारे पोहणे शिकवीत. आज वडीलधाऱ्यांनाच कुठे पोहता येते? जलतरण तलाव नाशकात आहेत, पण सहकुटुंब रोज तिथवर जाणार कोण? कॅन्टोन्मेंट बोर्ड आणि भगूर नगरपरिषद यांनी मिळून नदीचा एक उथळ पट्टा दोर लावून आखावा. तेथे जीवरक्षक असावा, माता-भगिनींसाठी आडोसा असावा, आणि विसर्गापूर्वी भोंगा वाजलाच पाहिजे.