रबाळ्यातली मजुरी कोण पाडतं?

‘बाहेरच्यांना मदत केली की आपल्या पोरांच्या पोटावर पाय येतो,’ असं रबाळ्यात अनेकजण मनापासून म्हणतात. त्यांना संकुचित ठरवून मोकळं होणं मला पटत नाही. रबाळ्यासह ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या शेतजमिनींवर औद्योगिक वसाहत उभी राहिली. पुढे नवी मुंबईसाठी गेलेल्या जमिनींच्या न्याय्य मोबदल्यासाठी जानेवारी 1984 मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात पाच शेतकऱ्यांनी प्राण दिले. अशा मातीतल्या नातवाला कारखान्याच्या गेटवरून रिकाम्या हाती परतावं लागतं, हे दुःख खरं आहे.

पण त्याचा दोष भलत्याच माणसावर ठेवला जातो. ठेकेदार बिहारचा मुलगा पसंत करतो तो त्याच्या प्रांतासाठी नव्हे. तो बारा तास उभा राहतो, ओव्हरटाइम मागत नाही, पीएफ कापला तो भरला का हे विचारत नाही, आणि पगार बुडाला तर जायचं कुठे हे त्याला ठाऊक नसतं. बाजारात विकली जाते ती ही असहायता. ती संपवा, स्वस्ताई आपोआप संपेल आणि स्थानिक पोराला त्याच कामाचा रास्त दर मागता येईल. परप्रांतीयाचा हक्क राखण्यात भूमिपुत्राचंही हित आहे ते असं.

ठेकेदाराने मजुरी बुडवली तर ती मूळ मालकाने द्यायची, हे तत्त्व 1970 च्या कंत्राटी कामगार कायद्यापासून आहे. अडतं ते पुराव्यापाशी. म्हणून गेटपासचा फोटो, हजेरीची रोजची नोंद, ठेकेदाराचं आणि कंपनीचं नाव कामगाराने जपून ठेवावं, हे त्याला शेजाऱ्याने सांगायला हवं. कामगार कार्यालयासाठी मराठीत अर्ज लिहून देणं आणि सोबत जाणं, याला तर पैसाही लागत नाही. इमारतीच्या कामावरच्या मजुराला वर्षात 90 दिवस काम केल्याचा दाखला मिळाला, तर बांधकाम कामगार मंडळात नोंदणी होते. तो दाखला द्यायला ठेकेदार टाळाटाळ करतो, तिथे गावातल्या वजनदार माणसाचा एक शब्द उपयोगी पडतो.

‘अशाने मराठी बुडेल’ हा दुसरा आक्षेप. मराठी बुडते ती पोरं शाळेबाहेर राहिल्याने. जन्मदाखला नाही किंवा जुन्या शाळेचा दाखला आला नाही, एवढ्यावरून प्रवेश नाकारता येत नाही, असं 2009 चा शिक्षणहक्क कायदा सांगतो. हात धरून त्या पोराला महापालिकेच्या मराठी शाळेत नेऊन बसवणारा माणूस मराठीसाठी ठोस काम करतो.

शिवाय इथे आलेले सगळे परप्रांतीय कुठे आहेत? मराठवाड्यातून, विदर्भातून आलेली कुटुंबंही याच वस्त्यांत राहतात. ‘बाहेरचा’ म्हणून लावलेलं दार त्यांच्याही तोंडावर बंद होतं. आता शिधापत्रिका गावाकडची असली तरी इथल्या रेशन दुकानात अंगठा लावून धान्य मिळतं. जालन्याच्या बाईला मिळतं तसंच बलियाच्या माणसालाही. दुकानदाराने परत पाठवलं तर त्यांच्याबरोबर पुन्हा जावं.

‘आमच्या चाकरमान्यांना कोणी मदत केली?’ असंही विचारतात. केली होती! कोकण-घाटावरून गिरणगावात आलेल्या गड्यांची पोटं खानावळवाल्या बायांनी सांभाळली. त्या बायाच सावकाराच्या कचाट्यात होत्या. 1975 मध्ये प्रेमा पुरव यांच्या अन्नपूर्णा महिला मंडळाने त्यांना बँकेचं कर्ज मिळवून दिलं, तेव्हा जेवू घालणारी आणि जेवणारा दोघंही सावरले. रबाळ्यात डबे देणाऱ्या बायांना बचत गटाचा आधार मिळाला, तर हेच घडेल.

माझं शेवटचं मागणं चाळमालकांकडे आहे, कारण त्यांच्या हातात सर्वांत जास्त आहे. भाडेकरार लेखी करून नोंदवण्याची जबाबदारी 1999 च्या भाडे नियंत्रण कायद्याने मालकावरच टाकली आहे. तो करार करा, दरमहा भाड्याची पावती द्या. त्या कागदावर गॅस मिळतो, बँकेत पत्ता लागतो. या महिन्याचं भाडं घ्याल तेव्हापासूनच सुरुवात करा.