घर चांगले, पण गाव दूर

'घर पाहावे बांधून' असे आपल्याकडे म्हणतात. सरकारी वसाहतीत मात्र घर बांधतो एक आणि राहून पाहतो दुसरा. म्हणूनच राहणारा खरोखर समाधानी आहे का, हे बांधणाऱ्याला सहसा कळत नाही.

हैदराबादला हा प्रश्न नवा नाही. १९०८ च्या सप्टेंबरात मुसी नदीला महापूर आला आणि हजारो घरे गेली. पुढे १९१२ साली निजामाच्या राज्यात नगरसुधारणा मंडळ स्थापन झाले. दाटीच्या वस्त्या हलवून नवी घरे बांधणे हे त्याचे एक मुख्य काम होते. तेलंगणा राज्य झाल्यावर 'डबल बेडरूम' योजना आली. ५६० चौरस फुटांचे घर, लाभार्थीकडून एक पैसाही न घेता आणि तेही घरातल्या बाईच्या नावे! भोईगुड्याच्या आय.डी.एच. कॉलनीत जुनी वस्ती होती त्याच जागी ३९६ घरे उभी राहिली व नोव्हेंबर २०१५ मध्ये तिथल्याच लोकांना मिळाली. शहराबाहेर कोल्लूरला जून २०२३ मध्ये १५,६६० घरांच्या वसाहतीचे उद्घाटन झाले. योजनेच्या हेतूविषयी मला शंका नाही.

काचीगुड्यातल्या आमच्या गल्लीतील अक्कांना अशाच एका दुसऱ्या, दूरच्या वसाहतीत घर मिळाले. अक्का मूळच्या कलबुर्गीकडच्या. मी शिकले मराठी शाळेत. जी काही कन्नड येते ती त्यांच्या ओट्यावर बसून आलेली. गल्लीत चार घरी त्या स्वयंपाक करीत. चावी मिळाली तेव्हा त्यांनी गल्लीभर पेढे वाटले. वर्षभराने आई आणि मी त्यांच्याकडे गेलो. सातवा मजला, स्वच्छ फरशी, भरपूर उजेड. "घर कसं आहे, अक्का?" असे आईने विचारले. त्या माझ्याकडे पाहून म्हणाल्या, "मने चन्नागिदे. ऊरु दूर आयितु." घर चांगले आहे, गाव दूर झाले.

चारांपैकी दोन कामे सुटली होती. उरलेल्या दोन घरांसाठी त्या पहाटे पाचला निघतात. डिसेंबर २०२३ पासून राज्यात बायकांना साध्या बसचे भाडे पडत नाही हे खरे, पण रोजचे चार तास जातात ते जातातच. लिफ्ट बंद पडली की सात जिने. दुरुस्तीची वर्गणी कोणी गोळा करायची यावरून वाद. शेजार चिठ्ठ्या टाकून ठरलेला, त्यामुळे अडीनडीला किल्ली कोणाकडे ठेवावी हाही प्रश्नच.

वाणिज्य शाखेत आम्हांला शिकवतात की भांडवली खर्च एकदाच होतो, चालू खर्च कायमचा असतो. वसाहत बांधताना भांडवली खर्चाचा हिशेब चोख होतो. चालू खर्च मात्र राहणाऱ्यावर पडतो. शहरातली जमीन महाग म्हणून बाहेर बांधले, पैसे वाचले, असे आपण म्हणतो. माझ्या मते ते वाचले नाहीत. अक्कांच्या नावे पडले. चार तास आणि दोन कामे, रोज.

'फुकट मिळाले तरी तक्रार का?' असे कोणी विचारील. परंतु अक्का तक्रार करीतच नाहीत. त्या घराला चांगलेच म्हणतात. नुसती खोल्यांची चौकशी केली असती तर त्यांची गणना समाधानी लोकांतच झाली असती. म्हणून चौकशी कामाची, शाळेची आणि शेजाऱ्यांचीही व्हावी. शक्य तिथे भोईगुड्याप्रमाणे जुन्या जागीच घरे द्यावीत. शक्य नसेल तर एका गल्लीतले लोक एकत्र न्यावेत, बस व दवाखाना आधी सुरू करावा आणि लिफ्टच्या देखभालीची तरतूद पहिल्या दिवसापासून असावी.

आमच्या घरीही सध्या अर्ज करण्याचा विचार चालू आहे. बाबा विचारतात, खोल्या किती? आई विचारते, कुठे? अक्कांकडे जाऊन आल्यापासून मला आईचा प्रश्न आधीचा वाटतो.