देवराईचा हिशेब

ताम्हिणीच्या विंझाईच्या देवराईकडे बोट दाखवून आपण हमखास म्हणतो, मनात श्रद्धा असली की जंगल राखले जाते. मुळशीच्या डोंगरांकडे नीट पाहिले तर हे म्हणणे लंगडे पडते. मालकीच्या उतारावरची झाडे कोळशाच्या ठेकेदाराला विकणारा माणूस देवराईत मात्र कुऱ्हाड घालत नसे. चार पावलांत कुणाचा निर्धार बदलत नाही. बदलतो तो बंदोबस्त: देवीचा कोप व्हायच्या आधी गाव जाब विचारते, आणि राईतून झिरपणारे पाणी सगळ्यांचेच असते. १९७०च्या दशकात श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावाने आपली राई तोडीतून वाचवायला वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांना साकडे घातले, तेव्हा गावकऱ्यांनी ओढा आटेल हेच कारण पुढे केले होते. उलट, पानशेत धरणासाठी रस्ता झाला, कोळसा नेणारे ट्रक खोऱ्यात शिरले, तशा तिथल्या काही राया भट्टीत गेल्या. देव तेच होते, भाव बदलला.

यावर सेनापती बापटांचे नाव पुढे येईल, आणि यायलाच हवे. टाटांच्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१च्या रामनवमीला सुरू झालेल्या आणि त्यांनी पुढे नेलेल्या मुळशी सत्याग्रहातल्या जिद्दीला तोड नव्हती. तरी धरण झालेच. सरकार आणि टाटा कंपनीपुढे शेतकऱ्यांचे बळ तोकडे होते हे खरे. पण सावकार-जमीनदारांना चांगला मोबदला हवा होता आणि कसणाऱ्या मावळ्याला जमीन. एका झेंड्याखाली दोन हिशेब होते.

मग पैसे मोजले की झाले, असेही नाही. इस्रायलमधल्या हैफा शहरात काही पाळणाघरांनी मुलांना न्यायला उशिरा येणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर वाढलाच. दंड म्हणजे लोकांना उशिराची फी वाटली, आणि तो उठवल्यावरही सवय सुटली नाही. पावसाळ्यात ताम्हिणी घाटात बाटल्या भिरकावणाऱ्या पर्यटकाला पावती फाडून देण्याचेही असेच होईल. पुण्याहून गाडी काढून आलेल्याला ती रक्कम सहलीच्या खर्चात सहज बसते.

त्यापेक्षा घाटाच्या तोंडाशी प्रत्येक बाटलीवर अनामत घ्यावी आणि बाटली जो आणून देईल त्याला ती अनामत मिळावी, मग तो पर्यटक असो की गावातली बाई. फेकलेली बाटली उचलणारे हात आपोआप निघतील. हे सुरू करायला एखाद्या सरपंचाची जिद्द लागेल, नाही कोण म्हणते? पण रोज हजारो पर्यटकांनी मन आवरावे, ही अपेक्षा तरी ठेवावी लागणार नाही. अडचण अधिकाराची आहे. रस्ता ग्रामपंचायतीचा नाही, आणि २०१३ पासून भोवतालचे जंगल अभयारण्य आहे. तेव्हा नाका उभारण्याची परवानगी जिल्हाधिकारी आणि वनखात्याने मिळून ग्रामसभेला द्यावी, आणि ती पुढच्या पावसाळ्याआधी द्यावी.