आईचा अंगठा कुणाच्या ताब्यात आहे?

लातूर जिल्हा परिषदेने २०२० च्या अखेरीस एक ठराव अमलात आणला. जे कर्मचारी आई-वडिलांना सांभाळत नाहीत, त्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापायची आणि ती थेट आई-वडिलांच्या बँक खात्यात जमा करायची. त्या वेळी १२ कर्मचाऱ्यांविरुद्ध तक्रारी होत्या आणि त्यात सहा शिक्षक होते, असे परिषदेच्या अध्यक्षांनी सांगितले होते. आसाम सरकारने तर २०१७ मध्येच आपल्या कर्मचाऱ्यांसाठी असा कायदा केला होता.

लातूरच्या निर्णयाचे कौतुक झाले आणि ते योग्यच होते. पण त्यातून दोन प्रश्न उभे राहतात. पहिला असा की, शिक्षण आणि कायम नोकरी असलेली माणसेही आई-बापाला वाऱ्यावर सोडत असतील, तर "गरिबीमुळे होते" हे उत्तर पुरेसे नाही. दुसरा प्रश्न आपल्या सोलापूरचा. इथे पगार कापता येईल अशी मुले किती घरांत आहेत? जुनी मिल, लक्ष्मी-विष्णू, नरसिंग गिरजी या गिरण्या बंद पडल्या. त्यानंतरची पिढी यंत्रमागावर, बांधकामावर, रिक्षावर, नाहीतर हुतात्मा एक्स्प्रेसने पुणे गाठून चाकण-भोसरीच्या कंपन्यांत कंत्राटावर लागली. त्यांचा पगार कोणत्या जिल्हा परिषदेने कापायचा?

म्हणून आपल्या वस्त्यांत हा प्रश्न दुसऱ्या टोकाने पाहावा लागतो. मुलाकडे काय आहे, यापेक्षा म्हाताऱ्या माणसाच्या नावावर काय आहे आणि ते कुणाच्या हातात गेले आहे, हे पाहिले की छळ लवकर दिसतो.

छळ म्हणजे फक्त मारहाण नव्हे

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात ६० वर्षांवरील दर सहा जणांपैकी एकाला वर्षभरात कोणत्या ना कोणत्या प्रकारचा छळ सोसावा लागतो. आपल्याकडच्या २०१७-१८ च्या 'लासी' या राष्ट्रीय पाहणीत सुमारे पाच टक्के ज्येष्ठांनीच गैरवागणुकीची तक्रार सांगितली. दोन्ही आकडे वेगवेगळ्या पद्धतीने काढलेले आहेत, त्यामुळे त्यांची थेट तुलना करता येत नाही. पण वस्तीत काम करणाऱ्याला एक गोष्ट ठाऊक असते. सून दारात आणि नातू मांडीवर असताना कोणतीही आजी "मला जेवायला देत नाहीत" असे सांगत नाही. "माझं काय, आज आहे उद्या नाही," एवढेच बोलते.

मारहाण दिसते, उपेक्षा दिसत नाही. रक्तदाबाची गोळी महिना महिना न आणणे, मोतीबिंदूचे ऑपरेशन "पुढच्या वर्षी" करणे, चष्म्याची काच फुटली तर तशीच ठेवणे, जेवणाचे ताट सरकवून देणे, दिवसभर एक शब्द न बोलणे, ही सगळी उपेक्षाच आहे. आपल्या विहारात वर्षावासात 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन सुरू असते. पांढरी साडी नेसून रोज पुढच्या रांगेत बसणारी उपासिका सलग आठ दिवस आली नाही, तर ग्रंथ मिटल्यावर कुणीतरी तिच्या घरी जायला हवे. विहाराइतकी सोपी नोंदवही आपल्याकडे दुसरी नाही.

पैशाचा माग काढा

श्रावणबाळ योजनेचे महिन्याला १५०० रुपये आजीच्या खात्यात येतात. पण एटीएम कार्ड मुलाच्या खिशात असते. कार्ड नसेल तर आधारच्या मशीनवर अंगठा लावून पैसे काढले जातात. अंगठा आजीचा, नोटा मोजणारा दुसराच. तिच्या हातात पन्नास रुपये टेकवले जातात आणि तिला वाटते, सरकार एवढेच देते. "आजी, पगार किती येतो? कोण काढून आणतं?" हे दोन प्रश्न साधे आहेत, पण त्यांतून बरेच काही कळते.

दुसरी वस्तू घर. रमाई आवास योजनेतून आईच्या किंवा वडिलांच्या नावावर घर उभे राहिलेली अनेक कुटुंबे आपल्या समाजात आहेत. महाराष्ट्रात राहते घर मुला-मुलीला बक्षीसपत्राने द्यायचे तर मुद्रांक शुल्क फक्त २०० रुपये आहे. स्थानिक अधिभार वेगळा. त्यामुळे "कधीतरी द्यायचंच आहे, आताच करून टाकू" असे म्हणणे सोपे जाते. सही झाली की आईची खाट आधी ओसरीत येते, मग पत्र्याखाली.

तिसरी वस्तू नोकरी. लाड-पागे समितीच्या शिफारशींनुसार सफाई कामगाराच्या जागी त्याच्या वारसाला नोकरी मिळते. आयुष्यभर झाडू मारून, गटारात उतरून मिळवलेली ही नोकरी म्हणजे त्या घरची खरी इस्टेट आहे. ती एका मुलाच्या नावे लिहून देताना सांभाळाची लेखी हमी घेणे आणि तिची एक प्रत स्वतःजवळ ठेवणे, हे कुटुंबाने शिकायला हवे.

कायदा काय देतो

'आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७' हे आपले मुख्य हत्यार आहे. प्रांत अधिकाऱ्याच्या दर्जाचा अधिकारी न्यायाधिकरणाचा प्रमुख असतो. अर्ज साध्या कागदावर करता येतो. या कायद्यात दोन्ही बाजूंना वकील न घेण्याची तरतूद आहे, म्हणजे पैसेवाल्या मुलाचा वकील समोर उभा राहण्याची भीती कमी. ज्येष्ठ स्वतः अर्ज करू शकत नसतील तर त्यांनी अधिकार दिलेली व्यक्ती किंवा संस्था अर्ज करू शकते. निर्वाह भत्त्याच्या अर्जावर नोटीस बजावल्यापासून ९० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. अपवादात्मक कारण असेल तर आणखी ३० दिवस. भत्त्याची कमाल मर्यादा महिना १०,००० रुपये. अपत्य नसेल, तर ज्याला मालमत्ता मिळणार आहे त्या नातेवाइकावरही जबाबदारी येते. ज्येष्ठाला टाकून देणे हा गुन्हा आहे. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद, ५,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

कलम २३ नीट समजून घ्या. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली मालमत्ता, अट मोडली तर परत मिळू शकते. डिसेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, अशी अट होती हे दिसले पाहिजे. २ जानेवारी २०२५ च्या निकालात मध्य प्रदेशातील छतरपूरच्या एका आईचे बक्षीसपत्र न्यायालयाने रद्द केले आणि घराचा ताबा तिला परत द्यायला सांगितले. तिच्याजवळ मुलाने सांभाळाचे वचन लिहून दिलेला कागद होता. या दोन निकालांचा वस्तीसाठी अर्थ एकच: तोंडी शब्दावर सही करू नका. शक्यतो मृत्युपत्र करा. त्याला मुद्रांक लागत नाही, दोन साक्षीदार पुरतात आणि जिवंतपणी ते बदलता येते. बक्षीसपत्र करायचेच असेल तर सांभाळाची अट त्यातच लिहा.

सुनेला आरोपी करू नका

प्रत्येक गल्लीत ठरलेले वाक्य ऐकू येते, "पोरगा चांगला आहे, सून तशी आहे." कायदा मात्र जबाबदारी मुलगा, मुलगी आणि सज्ञान नातवंडांवर टाकतो. सून-जावयांना त्यात आणणारे २०१९ चे दुरुस्ती विधेयक संमत न होताच लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळले. दुसरीकडे, या कायद्याचा वापर सुनेला घराबाहेर काढण्यासाठी करता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२० मध्ये स्पष्ट केले आहे. अंथरुणाला खिळलेल्या सासूचे सगळे करणारी, दिवसाला हजार विड्या वळणारी बाई थकून ओरडत असेल, तर तिला आधी हातभार हवा. घर नावावर करून घेणारा मुलगा त्या वेळी कुठे असतो, हा प्रश्न आधी विचारा. मुलींनाही हक्क आहे, तशी जबाबदारीही आहे.

आणखी एक सावधगिरी. "माझे पैसे चोरले, मला जेवू घातलं नाही" असे रोज सांगणाऱ्या आजोबांना स्मृतिभ्रंशही असू शकतो. आरोप करण्याआधी त्यांना डॉक्टरांना दाखवा.

तरुणांनी करायचे काम

सुत्तनिपातातल्या वसल सुत्तात बुद्ध सांगतात की माणूस जन्माने नव्हे, कर्माने नीच ठरतो. त्यासाठी दिलेल्या उदाहरणांत ऐपत असून म्हाताऱ्या आई-वडिलांना न सांभाळणारा येतो, आणि आईला, बापाला, सासूला मारणारा किंवा शब्दाने दुखावणाराही येतो. जातीच्या उतरंडीला सुरुंग लावणाऱ्या सुत्तात ही उदाहरणे आहेत, हे आपण विसरू नये.

जयंती मंडळाकडे वर्गणीसाठी घराघराची यादी असते. त्याच यादीत ६० वर्षांवरील आणि एकटे राहणारे कोण, याची खूण करा. पोलीस ठाण्यानेही हद्दीतल्या एकट्या ज्येष्ठांची यादी ठेवावी, अशी राज्याच्या २०१० च्या नियमांत तरतूद आहे. आपल्या ठाण्यात ती यादी आहे का आणि भेटी होतात का, हे माहिती अधिकारात विचारा.

संशय आला तर आधी ज्येष्ठांशी एकट्याने बोला. विहारात किंवा दवाखान्याच्या रांगेत, घरच्यांसमोर नको. "तुम्हाला काय हवं आहे?" हा पहिला प्रश्न. अनेकींना मुलावर केस नको असते, फक्त औषध आणि दोन वेळचे जेवण हवे असते. तो निर्णय त्यांचा आहे. मार लागला असेल किंवा जीव धोक्यात असेल तर मात्र थांबू नका. ११२ ला फोन करा, सरकारी दवाखान्यात न्या, जखमांची नोंद करून घ्या. सल्ल्यासाठी ज्येष्ठांची राष्ट्रीय हेल्पलाइन १४५६७ आहे. आईला मुलाविरुद्ध कौटुंबिक हिंसाचार कायद्याखालीही दाद मागता येते.

आणि एक गोष्ट करू नका. आजीचा रडतानाचा व्हिडिओ गटावर टाकू नका. तुम्ही निघून जाल, तिला रात्री त्याच घरात झोपायचे असते.

पुण्यात असणाऱ्यांनी पुढच्या वेळी सोलापूरला याल तेव्हा आईच्या पासबुकावर नोंदी करून घ्या आणि तिच्या शेजारी बसून तिला त्या वाचून दाखवा. पैसे कुणी काढले, हे तिला तिच्याच पासबुकातून कळू द्या.